पट्टा बदलला, कॉम्प्रेसर तसाच ठेवला

मलकापूर, मंगळवार संध्याकाळ

सुभेदारकाकांच्या गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर आज उघडला. आत बेअरिंगचा पार चुरा. गेल्या आठवड्यात ते गॅरेजवर आले तेव्हा एसी लावला की घरघर यायची, बंद केला की थांबायची. दोष कुठं आहे ते मला तेव्हाच कळलं होतं. तरी म्हणालो, "काका, पट्टा जुना झालाय." आणि नवा पट्टा बसवून दिला. कॉम्प्रेसर उतरवायचा कंटाळा केला, दुसरं काही नाही. ती घरघर ऐकूनही.

काल काकूंना सांगलीला हृदयाच्या डॉक्टरांकडं नेताना पलूसजवळ कॉम्प्रेसर जाम झाला, नवा पट्टा तुटला, त्यावरच फिरणारा पाण्याचा पंप थांबला, इंजिन तापून गाडी बंद पडली. दोन तास काकू उन्हात होत्या. चक्कर येऊन पडल्या. आता सांगलीच्या दवाखान्यात आहेत.

आज काका आले. मी सगळं खरं सांगितलं.

ते म्हणाले, "शुद्धीवर आल्यापास्नं ती एकच बोलतीया. एसी मीच लावाय सांगितला, माझ्यामुळं गाडी बंद पडली. माझं ऐकत न्हाई. तू येऊन सांग तिला."

उद्या सकाळी सांगलीला जायचं आहे. काकूंसमोर तोंड कसं उघडणार?