तीन वाजताची रेघ

तारनाका, हैदराबाद
१२ एप्रिल २०२५

चि. सौ. रसिकास,
अनेक आशीर्वाद. गेल्या उन्हाळ्यात मला घेरी आली तेव्हा तू बजावलंस, की पुढल्या मे महिन्यात एकट्यानं राहायचं नाही, पुण्याला यायचं. त्याचं उत्तर आता भिंतीवर लावलंय. आबिड्सच्या बाजारातून उष्णता आणि दमटपणा मोजणारे सेन्सर आणले. रेल्वेत जन्मभर सिग्नलच्या तारा जोडल्या, ह्याही जोडल्या. खोली तापली की पंखा फिरतो. दुकानदार म्हणाला, की चाचा, तुम आराम करो, कमरा आपेच सोच लेता.

तुझ्या आईचा वाळ्याचा पडदा पुन्हा खिडकीला लावलाय. ती दुपारी तीनला त्यावर पाणी शिंपडायची, ते काम आता छोटा पंप करतो. वास दरवळला की डोळे मिटतात, आणि ती लोटा घेऊन उभी आहे असं वाटत राहतं. पडदा भिजला की सेन्सर तुझ्या फोनवर कळवेल, दमटपणाची रेघ चढेल, ती बघत जा. लोभ वाढव, हट्ट कमी कर.
तुझा, बाबा

पुणे
९ मे २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि. रोज तीनला मी ऑफिसात रेघ बघते आणि मलाही वाळ्याचा वास येतो. मंगळवारीही ती चढली. संध्याकाळी शेजारच्या सुशीलाबाईंनी कळवलं, की तुम्ही सकाळपासून तापानं अंथरुणात होता, पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. रेघ बघून मी निर्धास्त चहा पीत होते, ह्याची फार लाज वाटते. पंचवीस तारखेला न्यायला येते. रागावलात तरी माया असू द्या.
तुमची, रसिका

तारनाका
१५ मे २०२५

चि. सौ. रसिकास,
अ. आ. ताप उतरला. चूक माझीच. खोलीची काळजी घेणारं यंत्र केलं, त्यात माणूस धरायचा राहिला.

पंखा ठेवलाय, पंप काढला. आता तीनला मीच लोट्यानं पाणी शिंपडतो. मी उठलो तरच रेघ चढेल. नाही चढली तर सुशीलाबाईंना फोन कर, त्यांना किल्ली दिली आहे. तरीही न्यायचंच असेल तर बॅग भरतो. जीव मात्र इथंच रमतो, हे खरं. राग सोड, लोभ धर.
तुझा, बाबा

पुणे
२१ मे २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न. काल रेघ तीन वाजून सात मिनिटांनी चढली. ती सात मिनिटं मी खिडकीशी उभी होते. मग चढली, आणि मला वाटलं, लोटा तुमच्या नाही, आईच्याच हातात आहे.

पंचवीसला येते. परतीचं तिकीट एकच काढलंय, माझं. लोभ आहेच, तो रोज तीनला कळवत जा.
तुमची, रसिका