सात नंबरचा राखाडी

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? मागच्या पत्रात 'बरे आहेत' असं लिहिलंस, पण ते शब्द जरा घाईत उरकल्यासारखे वाटले, म्हणून पुन्हा विचारतो. भावोजींचा खोकला खरंच थांबला, की तुला ऐकू येईनासा झाला? इकडे सगळे ठीक आहेत. म्हणजे वरवर तरी. हे पत्र लांबणार आहे, कारण ते पत्र्यांविषयी आहे.

आमच्या छपराचे जुने सिमेंटचे पत्रे गळायला लागले. एक धार शेगडीवर, एक पलंगावर (आणि तीही नेमकी माझ्याच बाजूला, मी याची नोंद घेतली आहे). तेव्हा रंगीत पत्रे घालायचं ठरलं. पत्रेवाला रंगांचं कार्ड घेऊन आला. बारा रंग, खाली नुसते नंबर. एकतीस वर्षं वजनमापं तपासण्यात गेलेला माणूस मी, तराजू उलटा करून पाहिल्याशिवाय कधी विश्वास ठेवला नाही. कार्ड उन्हात धरलं, मागून-पुढून पाहिलं आणि सात नंबर निवडला. शांत, भारदस्त राखाडी. निवृत्त माणसाच्या घराला शोभेलसा. मी 'सात' म्हणालो आणि पत्रेवाला खोकला. हिने त्याच्याकडे पाहिलं, त्याने भिंतीकडे पाहिलं. ताई, पारड्याखाली चिंच चिकटवलेला दुकानदार अगदी असाच भिंतीकडे पाहतो.

"निळा घेऊ या का?" ही म्हणाली.

तिथून जो उठला तो निळा! लेकीचा फोन आला, तब्येतीची चौकशी झाली आणि ठेवता ठेवता, "बाबा, निळा छान दिसेल हं." शेजारच्या शिंप्याने (वीस वर्षांत ज्याने मला फुकट गुंडी लावून दिली नाही) कुंपणावरून फुकट सल्ला दिला, निळाच घ्या. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला आणि विचारलं, छपराचं काय, निळंच ना? मी ओळखलं. कुणाच्या तरी गोदामात निळे पत्रे पडून आहेत आणि माझ्या घरातली माणसं फितूर झाली आहेत. दुसऱ्याच दिवशी जुन्या सवयीने, न कळवता गोदामावर धडकलो. तिथे निळा पत्रा औषधालासुद्धा नव्हता! मालक म्हणाला, तो खास मागवावा लागतो, आठ दिवस लागतील. म्हणजे निळ्यात कुणाचाच फायदा नाही. फायदा नसताना दहा माणसं एकमताने बोलायला लागली, की पाणी छपरात नाही, दुसरीकडेच कुठेतरी मुरतंय असं समजावं. मी स्वतःच्या हाताने 'नंबर सात' असं लिहून, खाली सही ठोकून आलो.

नवव्या दिवशी टेम्पो आला. आत सगळे निळे पत्रे! मी टेम्पोसमोर आडवा उभा राहिलो. पत्रेवाला खाली मान घालून म्हणाला, बाईंनी बदलून घेतलं. ही ओल्या हातांनी बाहेर आली.

"अहो, तुम्ही निवडलेला रंग गुलाबी आहे."

मी हसलो. सात नंबरचा नमुना उचलला आणि रीतसर एकेका साक्षीदाराला वेगळं गाठलं. शिंपी म्हणाला, गुलाबी. समोरचा न्हावी वस्तरा थांबवून म्हणाला, गुलाबी. त्याच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक फेसातून, न विचारता बोललं, "चांगला भडक आहे की!" शेवटी रस्त्याने जाणाऱ्या एका अनोळखी बाईंना थांबवलं, कारण त्यांना कुणी पढवून ठेवणं शक्यच नव्हतं. त्या बिचाऱ्या घाबरल्या. "गुलाबी... ना?" म्हणाल्या आणि पाय उचलून चालू लागल्या.

मी भर रस्त्यात उभा. हातातला पत्र्याचा तुकडा मला अजूनही राखाडीच दिसत होता. टेम्पो घरघरत होता. हिने कोपराला धरून मला आत आणलं, पाणी दिलं आणि म्हणाली, "तुम्हाला लाल-हिरव्यातलं कळत नाही. गुलाबीही कळत नाही. निळा तेवढा नीट दिसतो. आपलं छप्पर तुम्हाला दिसायला नको का?"

तुला हे केव्हापासून माहीत, एवढंच मी हिला विचारलं.

"लग्नाआधीपासून. वन्संनी सांगितलं होतं. त्याला कळू देऊ नकोस, तो मनाला लावून घेतो, असं बजावलं होतं."

म्हणजे ताई, मी शिंप्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांवर संशय घेत हिंडलो आणि कटाची सूत्रधार तू! चोरांवर नजर ठेवण्यात माझा जन्म गेला आणि घरातल्या घरात तुम्ही सगळे इतकी वर्षं मला झाकून ठेवत होतात. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. (तिसऱ्या दिवशी गेलं.)

छप्पर बसलं. निळं आहे. सकाळ-संध्याकाळ रस्त्यापलीकडे जाऊन पाहून येतो. छान दिसतं, पण हे हिला कळवू नकोस.

तुझा
(तूर्त रागावलेला) भाऊ

ता. क. हे पत्र हिने वाचलेलं नाही. निदान तिचं म्हणणं तसं आहे.

ता. क. २. खरं तर एवढंच विचारायला लिहायला बसलो होतो. दोन वर्षांपूर्वी मी तुला शाल पाठवली होती. अख्खं दुकान पालथं घालून, तुझ्या वयाला शोभेल अशी साधी राखाडी. ती पांघरून तू नातीच्या लग्नात पहिल्या रांगेत बसलीस, बँकेत गेलीस, प्रत्येक फोटोत तीच. खरं सांग, ती कोणत्या रंगाची आहे?

ता. क. ३. राखाडी असं लिहिलंस तरी चालेल. मी तपासणार नाही.