अबोला नव्हता तो

दि. ९ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, राग मानू नकोस. एरवी तुझी ताई सांगते आणि मी लिहितो. या खेपेस सांगणारीच गप्प, म्हणून लिहिणारा अडला. माझं शिक्षण तुला ठाऊक आहे, चुका सुधारून वाच.

तुझ्या ताईने माझ्याशी अबोला धरला आहे. कारण मीच. हल्ली तिचा हात फार जड झाला होता. सुईत दोरा ओवायला बसली की ओवतच बसायची. पँटची एक मोहरी तुरपायला अख्खी सकाळ जायची. बँकेतले साहेब कपडे न्यायला दुकानात आले तर पँट तयार नाही. त्यांच्यासमोर मी बोलून गेलो की हिच्या हाताला गंज चढलाय. तिने वर पाहिलंसुद्धा नाही. तेव्हापासून बोलणं आटत गेलं. आधी निदान हं तरी म्हणायची, आता तेही नाही. मागच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत बसते ती बसते. ताट पुढे ठेवलं तर चार घास खाते, नाही ठेवलं तर मागत नाही.

तू म्हणशील, भाऊजींना काळजी करायला कारण लागत नाही. खरं आहे, पण या वेळी कारण आहे. हा अबोला सोडवायचा कसा ते तूच सांग. माया आहेच, ती पत्रातून येऊ दे.

तुझा भाऊजी


दि. १६ फेब्रुवारी

ती. भाऊजींस, सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून हसू आलं, माफ करा. बायकोच्या हाताला गंज म्हणता, तेही गिऱ्हाइकासमोर! मी असते तर तुमची कात्रीच लपवून ठेवली असती.

अबोला आमच्याकडे आईपासून चालत आलाय. बाबांवर रुसली की आई भिंतीला सांगायची, भिंतीबाई, जेवण वाढलंय म्हणावं. बाबाही भिंतीलाच विचारायचे, मिठाचा डबा कुठे गेला. एकदा बाबांनी घाईघाईने माफी मागितली, तर आईने अबोल्याची मुदत वाढवली. तेव्हा तुम्ही लोणी लावायला जाऊ नका. तुम्हीही अबोला धरा आणि हवं-नको ते भिंतीला सांगा. ताईला हसू आवरायचं नाही, बघाच.

मीच येऊन दोघांचे कान धरले असते, पण न्हाणीघरात घसरले आणि पाय प्लास्टरमध्ये आहे. घरचे मला पलंगावरून हलू देत नाहीत. ताईला माझी आठवण सांगा. अर्थात भिंतीमार्फत. तुमच्या मायेत मला अशीच राहू द्या.

तुमची धाकटी


दि. ३ मार्च

चि. सौ. धाकटीस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

घाबरू नकोस असं आधीच लिहितो. तुझी ताई इस्पितळात आहे.

तू सांगितलंस तसंच मी केलं. भिंतीला सांगून चहा दिला, भिंतीला सांगून दुकान उघडायला गेलो. ती हसली नाही. मग म्हटलं, नवं पोलकं शिवून पुढे ठेवावं, म्हणजे न बोलता समेट होईल. ती वाळली होती, जुनं माप चालणार नव्हतं. टेप घेऊन गेलो आणि बाहीच्या मापासाठी तिचा हात मीच उचलून आडवा केला. तेवढ्यात दुकानात गिऱ्हाईक आलं. कोटाची उंची कमी करायची होती, त्यात बराच वेळ गेला. परत आलो तर तिचा हात तसाच आडवा.

आधी मला राग आला, वाटलं माझी चेष्टा करते. मी हात खाली केला, तो खाली राहिला. वर केला, वर राहिला. धाकटे, जन्मभर मी माणसांचे हात असे उचलले. माणूस नाही म्हटलं तरी खांदा आखडतो, हात गळतो. हा हात दुकानातल्या लाकडी पुतळ्यासारखा होता, फक्त ऊन होता. तसाच पळत जाऊन रिक्षा आणली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा रुसवा नाही, दुखणं आहे. मन इतकं खचतं की शरीराची हालचालच गोठते. हात मंदावला तीही त्याचीच सुरुवात होती. डोक्याला विजेचा हलका झटका देण्याचा उपचार करावा म्हणतात, भूल देऊन. वीज म्हटल्यावर मी सहीचा कागद तसाच ठेवला. तू काय म्हणतेस?

तुझा भाऊजी


दि. ८ मार्च

ती. भाऊजींस, सा. न. वि. वि.

पत्र वाचल्यापासून डोळ्यांचं पाणी खळत नाही. भिंतीचा शहाणपणा मी शिकवला.

विजेचं मला कळत नाही. इथले आमचे डॉक्टर म्हणतात, त्याने पुष्कळ लोक उठतात. पण ताई लहानपणी दिव्याचं बटणही काठीने दाबायची. तिला विचारल्याशिवाय काही करू नका. कसंही करून विचारा.

तुमची धाकटी


दि. १३ मार्च

चि. सौ. धाकटीस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

विचारलं. काल डॉक्टरीणबाईंनी गोठलेलं शरीर थोडा वेळ सैल करणारं एक इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळाने तुझ्या ताईने मान माझ्याकडे वळवली. पाणी मागितलं. आवाज जुन्या बिजागरीसारखा झाला होता, पण तिचाच. मग तिने विचारलं की मी भिंतीशी का बोलत होतो. तिला सगळं ऐकू येत होतं म्हणे. उत्तर द्यायला जायची, पण ओठ हलायचे नाहीत. तिला वाटलं, अबोला मी धरलाय, आणि माझा राग कधी उतरतो याची ती वाट बघत होती.

मला रडू फुटलं. तर म्हणाली, डोळे पुसा, गिऱ्हाईक येईल. ती दुकानातच आहे असं तिला वाटत होतं.

मग मी तिला विजेचं समजावून सांगितलं. इंजेक्शनचा गुण उतरून तिचं बोलणं पुन्हा मंदावत चाललं होतं. तोंड उघडलं, करू न, एवढंच म्हणाली आणि तिथेच थांबली. ओठ तसेच राहिले. करू नका म्हणायचं होतं की करून टाका, काही कळलं नाही. नर्सबाईंना विचारलं, तर त्यांना नुसतं करू एवढंच ऐकू आलं. नाही म्हणताना ती आधी मान हलवते, तशी हलली नाही. पण जिची मानच हलत नाही तिचं काय धरायचं? इंजेक्शन पुन्हा दिलं, त्याने नुसत्या पापण्या हलल्या.

आज सकाळपासून घास गिळत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, थांबण्यात धोका आहे. मी करून टाका असंच ऐकलं, असं त्यांना सांगितलं आणि सही केली. उद्या सकाळी तिला उपचाराला नेणार आहेत.

तू तिच्या पाठची बहीण, तिचं बोलणं माझ्या आधीपासून ऐकत आलीस. डोळे मिटून तिच्या आवाजात दोन्ही म्हणून बघ आणि त्यातलं तिचं कुठलं वाटतं ते कळव. तुझं पत्र येईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. तरी कळव, धाकटे, लवकर कळव.

तुझा भाऊजी