लेडी हॅरिएटचे खडू

६ ऑक्टोबर २००४
आश्लेषाने नॉटिंगहॅमहून गाडीने आणून सोडलं. लेकीच्या मते बापाने एकट्याने भिंतींना सुभाषितं ऐकवण्यापेक्षा लेडी हॅरिएटच्या पणजोबांनी हिंदुस्थानातून उचलून आणलेल्या संस्कृत पोथ्या लावाव्यात. हवेली मोठी, चहा पातळ, मालकीणबाई गोड. भिंतीभर पेस्टलची व्यक्तिचित्रं, म्हणजे काचेमागे जपलेली रंगीत खडूची भुकटी. बाई म्हणाल्या, तैलरंग दरबारासाठी, पेस्टल जिव्हाळ्यासाठी. दोन बैठकांत चेहरा तयार, की उमरावांच्या बायका तो मैत्रिणींना भेट देत. आपल्याकडे हळदीकुंकवाला वाण देतात, तसंच. मला एकदम घरचं वाटलं.

९ ऑक्टोबर
बाई स्वतःही पेस्टल काढतात, घराण्याची रीत. माझ्या बायकोला, आमच्या हिला, जाऊन वर्ष होत आलं हे कळल्यावर म्हणाल्या, तिचंच काढू. मी पाकिटातला फोटो पुढे केला, तो त्यांनी बघितलाही नाही. म्हणाल्या, तुम्ही सांगा, मी काढते. मी कपाळ सांगितलं : रुंद, डाव्या भुवईत कांजिण्यांचा खड्डा. हुबेहूब उतरलं. अंगावर काटा आला, आनंदाचा.

१२ ऑक्टोबर
जिन्यातल्या एका चित्रापुढे म्हातारा माळी रोज टोपी काढून उभा राहतो. चित्रातली बाई कोण, असं त्याला विचारलं. म्हणाला, ठाऊक नाही, पण बरं वाटतं. बाईंना सांगितलं, तर बोटाने रंग चोळत म्हणाल्या, त्याची बायको. वय झालंय बिचाऱ्याचं.
आज आमच्या हिचे डोळे सांगितले.

१४ ऑक्टोबर
आश्लेषाचा फोन. नातवाला, वेदला, कांजिण्या आल्यात. आईसारखा भुवईत खड्डा राहील का, म्हणाली. मी विचारलं, आईला कुठे होता खड्डा?
ती म्हणाली, बाबा, असं काय विचारता? रविवारी येते मी.

१५ ऑक्टोबर
स्त्रीच्या डोळ्यांच्या उपमा सगळ्या पाठ आहेत. हिचे डोळे तेवढे—
बाई म्हणतात, आता फक्त ओठ राहिले. नाही सांगणार म्हणालो. पण ते तोंड नसलेलं चित्र बघवत नाही. नाही सांगितलं, तर ती कुठेच पुरी उरणार नाही. माझ्यात तर नाहीच—

१६ ऑक्टोबर
सांगितलं. हसताना आधी डावीकडे—
चित्र सुरेख झालंय. कुणा उमरावाची बायको असावी.
पाकिटात एका बाईंचा फोटो. ओळखीच्या वाटतात. बँकेतल्या?

१७ ऑक्टोबर
आश्लेषा धावत आली. चित्रापुढे खाली बसून रडते आहे. "बाबा, चला ना. आईला घेऊन घरी जाऊ."
एका हाताने तिला थोपटतो आहे. विचारायचा धीर होत नाही, की पोरी, कुणाची आई—