खिडकीची फट बुजवू नये

रविवार, १८ जानेवारी २०२६, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे. खिडकीच्या फटींत मीच भरलेली पुट्टी मी पटाशीने खरवडत होतो. ते काम अर्धे टाकून हे मृत्युपत्र लिहायला बसलो आहे.

मी, प्रबुद्ध नाना सरकटे, वय २७, शिक्षण नववी, काम सुतारकी, राहणार नदीकाठची चाळ, खोली क्रमांक ९, दहिसर. आज शुद्धीवर आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण गेल्या रविवारी नव्हतो. कोणी धमकावलेले नाही, नशा केलेली नाही. माणूस झोपेतच जाऊ शकतो हे कळल्यापासून एका जागी बसवत नाही.

१. खोली माझ्यामागे पत्नी अस्मिता आणि आमची मुलगी (वय २३ दिवस, नाव ठेवायचे आहे) यांना मिळावी. आई सुंदराबाई हिला तिथून कोणी हलवू नये. अट एकच: खिडकीची फट कधीही बुजवू नये.

कारण लिहितो. आमच्यात बाळंतिणीच्या खाटेखाली सव्वा महिना निखाऱ्यांची शेगडी ठेवतात. कारखान्यातून सागाचे तुकडे मीच आणत होतो. बाळाला वारा लागू नये म्हणून सगळ्या फटी भरल्या, दाराखाली गोणपाट ठोकले. शेजारचा हर्षद म्हणाला, "खोली आहे का लोणच्याची बरणी रे?" मला ती शाबासकी वाटली.

गेल्या रविवारी पहाटे पाणी भरायला उठवायला हर्षद आला. हाक ऐकून कोणी उठेना, तेव्हा त्याने कडी तोडली. अस्मिता खाटेवर निपचित, मी दाराशी पडलेला, बाळ रडतसुद्धा नव्हते. तिघे वाचलो. डॉक्टर म्हणाले, निखाऱ्यांचा गॅस, त्याला वास नसतो. आई समोर जयंतीमावशीकडे झोपते, म्हणून ती सुटली.

२. शेगडी भंगारात द्यावी. आईने ती गावाहून आणलेली आहे, तरी द्यावी.

अस्मिता बाळाला घेऊन गोवंडीला माहेरी गेली आहे. काल फोनवर म्हणाली, "आईंना सांगितलंस का, कशामुळे झालं?"

"सांगतो ना."

"आठ दिवस सांगतोयस. तू कामावर गेलास की त्या दुसरी शेगडी आणतील. आधी त्यांना सांग, मग मी येते."

तिचे बरोबर आहे. आई अजून म्हणते, "कुठंतरी फट राहिली असंल रे, वारा शिरला."

३. माझ्याआधी आईला एक मुलगी झाली होती. अकराव्या दिवशी गेली. थंडीचे दिवस, गावची खोली, हीच शेगडी. वारा लागला असे आई आजवर सांगते. शेगडीचे खरे तिला सांगितले, तर ते खरे किती मागे जाईल, याची मला भीती वाटते. <s>हे कलम आईसमोर वाचू नये.</s>

दुपारी दीड. आई भाकरी घेऊन आली. तिला वाचता येत नाही. "एवढं काय लिहितोस? वाच की," म्हणाली. डॉक्टरांचे वाचले, दुसरे कलम वाचले आणि थांबलो.

"पुढं?"

"पुढं काही नाही."

ती शेगडीकडे वळली. मग म्हणाली, "तवा खिडकी मीच लिंपली होती रे. शेणानं. बोटभर जागा ठेवली नाही."

तिने हात पुढे केला. "दे ती पटाशी."

खालची फट तिने मोकळी केली. कलम तीनचे शेवटचे वाक्य मी खोडले आहे, खोडल्यावर सही केली आहे.

४. हत्यारे मुलीला. यावर कोणी हसू नये. कारखान्यातल्या मुकुलने दोन वर्षांपूर्वी नेलेला रंधा त्यालाच दिला असे समजावे, मागून दमलो. हर्षद साक्षीदार आहे, म्हणून त्याला काही ठेवलेले नाही.

सही: प्रबुद्ध नाना सरकटे
साक्षीदार: हर्षद परब, खोली १०. जयंती मोरे, खोली १४. दोघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सही केली.
ठिकाण: दहिसर. दुपारी तीन वाजता.

खर्च: दवाखाना ११,४००. नवी कडी १८०.
देणे: हर्षदचे ३,०००, त्याने दवाखान्यात भरलेले.
बाजूला ठेवले: आज गोवंडीहून परतीची रिक्षा, आई धरून तीन माणसे व बाळ, अंदाजे ५५०.