पणजीपर्यंत ओढलेली तुटक रेघ

बाबा, तुम्ही आपल्या सगळ्यांसाठी जे आडनाव घेतलंत, त्या आडनावाच्या एका माणसाला मी गेल्या महिन्यात भेटले. जन्मानेच त्या आडनावाचा, यॉर्कशरमधला म्हातारा माणूस. तुम्ही त्याला चार पत्रं लिहिली होतीत हे मला त्याच्या डायनिंग टेबलावर कळलं, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाल्यावर. पत्रं वाचून मला तुमचा राग आला. तो उतरेल म्हणून मी थोडे दिवस थांबले. उतरला नाही, म्हणून लिहिते आहे.

आडनाव बदललं तेव्हा मी सहा वर्षांची होते. बर्मिंगहॅमच्या घरातलं ते अरुंद स्वयंपाकघर, आई पोळ्या लाटते आहे आणि तुम्ही डीड पोलचा, म्हणजे नाव बदलण्याचा कायदेशीर कागद ओट्यावर ठेवता. "हात पुसून सही कर, पिठाचा डाग पडेल." आई हात पुसते, कागद वाचते आणि नवं आडनाव तीन वेळा तीन प्रकारे उच्चारून बघते. "हे कुठून आणलंत?" हॉस्पिटलच्या बागेतल्या एका बाकावरून आणलं होतंत. कुणाच्या तरी स्मरणार्थ ठेवलेला बाक, त्याच्यावर पितळी पट्टी, पट्टीवर ते नाव. "छोटं आहे. कुणी दुसरा भेटायचा नाही, प्रश्न विचारायचा नाही. आपलं वाचून होईपर्यंत इंटरव्ह्यूवाले थकतात." सांगलीजवळच्या आपल्या गावाला 'कर' लावून झालेलं ते लांबलचक आडनाव त्या दिवशी संपलं. तुम्हाला पुढे कन्सल्टंटची जागा मिळाली. ती आडनावामुळे मिळाली की तुमच्या कामामुळे, हे मला ठरवता येत नाही, आणि जे मोजता येत नाही त्याबद्दल मी बोलणार नाही.

पण तुमचा हिशेब मुळातच चुकला होता. मी ब्रॅकनेलला एका कंपनीत वेगवेगळ्या याद्यांमधल्या नोंदी एकाच माणसाच्या आहेत का, हे जुळवून बघण्याचं काम करते. लपायचं असेल तर सर्वांत जास्त लोकांचं आडनाव घ्यावं, हे आमच्याकडे नवीन आलेल्या मुलालाही कळतं. तुम्ही असं घेतलंत की ते लावणारी देशातली सगळी माणसं एका डबलडेकरमध्ये बसतील आणि वरचा मजला अर्धा रिकामा राहील. या देशात लोकांना असाही छंद असतो हे तुमच्या गावीही नव्हतं. एकच आडनाव धरायचं आणि चर्चच्या नोंदी, थडगी, मतदारयाद्या चाळून ते लावणारा प्रत्येक माणूस शोधून काढायचा. हा म्हातारा चाळीस वर्षं तेच करतोय. त्याच्या यादीत तुम्ही न येणं शक्यच नव्हतं.

मलाही त्याचं पत्र आलं, म्हणून गेले. त्याने दारातच "ये, कझिन" म्हटलं. चहा केला आणि आडनावाचा उगम सांगितला. डोंगरातल्या ओढ्याच्या वळणावर मेंढ्यांचा एक वाडा होता. त्या जागेला जे म्हणत, तेच तिथे राहणाऱ्या घराला चिकटलं. आता तिथे दगडांची एक रांग उरली आहे. आजचे सगळे त्या एकाच घरातून निघालेले. म्हणजे आपल्या जुन्या आडनावासारखंच, जागेवरून पडलेलं. मी हे त्याला सांगितलं नाही. त्याने भिंतीवर वंशवृक्ष लावला होता, वॉलपेपरच्या तीन पट्ट्या जोडून. डाव्या कोपऱ्यातून एक तुटक रेघ खाली आली होती. रेघेच्या शेवटी तुम्ही, त्याखाली मी.

"तुटक म्हणजे अजून सिद्ध न झालेलं," तो म्हणाला. "तू या कागदावर सही केलीस की मी ती पक्की करणार. मग सगळं काउंटीच्या दफ्तरात देऊन टाकणार. माझे डोळे आहेत तोवर." मग त्याने तुमची पत्रं पुढे केली. "तुझ्या वडिलांचं अक्षर डॉक्टरचं वाटत नाही. वाचता येतं."

वाचता येत होतं. त्याने तुम्हाला एवढंच विचारलं होतं की तुम्ही कुठल्या शाखेचे. 'आम्ही हे नाव घेतलेलं आहे' असं एका ओळीचं उत्तर पुरलं असतं. तुम्ही लिहिलंत की त्यांच्या घराण्यातला जो इंजिनिअर हिंदुस्थानात कालव्याच्या कामावर गेला आणि परत आला नाही, तो तुमचा आजोबा. तुमच्या आजीला त्याच्यापासून मुलगा झाला. "तिला त्याच्याबद्दल बोलण्याची कधी मुभा नव्हती," हे तुमचं वाक्य आहे. इंग्रजी छान आहे.

मी तिथे बसूनच तपासलं. म्हातारा दरवर्षी एक पत्रक काढून या आडनावाच्या सगळ्यांना पाठवायचा, त्यात हरवलेल्या माणसांची यादी असायची. तुमच्या पत्राआधीच्या अंकात हा इंजिनिअर गोदावरीवर होता. म्हणून तुमच्या पहिल्या पत्रात आजीचं माहेर नाशिकजवळ. पुढच्या अंकात म्हाताऱ्याने चूक दुरुस्त केली, इंजिनिअर कृष्णेवर होता. तुमच्या तिसऱ्या पत्रात आजीचं माहेरही कृष्णाकाठी आलं. त्याच्या लक्षात आलं नाही. त्याच्यासाठी दोन्ही इंडियाच.

बाबा, ही तीच आजी ना? नवरा गेल्यावर जिने सांगलीत खानावळ चालवली, दोन्ही वेळा पंधरा पोरांना वाढलं आणि त्यातून तुम्हाला डॉक्टर केलं? तुम्हीच सांगायचात. तव्यावरची पहिली पोळी तुम्हाला कधी मिळाली नाही, खानावळीच्या पोरांना आधी. सांगताना तुमचे डोळे भरायचे. मी दहा वर्षांची असताना शाळेत घराण्याचं झाड काढायला सांगितलं, तेव्हा सर्वांत वर मी तिलाच काढलं होतं, हातात पळी घेतलेली. तुम्ही करेक्शन फ्लुइड आणून तिच्यावर फिरवलंत. "शाळेत खानावळ दाखवायची नाही. घरातलं घरात." ते वाळेपर्यंत तुम्ही वहीवर फुंकर मारत होतात. मला वाटलं होतं, तुम्हाला फक्त लाज वाटते. लाज मी समजू शकते. पण एका परक्या माणसाने तुम्हाला कझिन म्हणावं म्हणून तुम्ही तिला एका साहेबाची बाई करून टाकलंत, आणि तिच्या नवऱ्याला कुणीच नाही.

मी सही केली नाही. कागद घेऊन घरी आले आणि लंडनजवळ पिनरला आईला फोन केला. तुम्ही गेल्यावर ती मावशीजवळ राहायला गेली, हे तुम्हाला माहीत नसेल.

"आई, तुला या पत्रांचं माहीत होतं?"

"मला फक्त सही कुठे करायची ते सांगायचे. आणि गेलेल्या माणसाशी काय भांडतेस गं?"

"जिवंत असते तर त्यांच्याशीच भांडले असते."

"भांडली नसतीस. दार आपटून वर गेली असतीस." मग ती म्हणाली, "नावाचं काय एवढं? लग्नात मला ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून नवं नाव दिलं, आडनाव बदललं, मग इथे आल्यावर परत बदललं. मला विचारलं का कुणी, बरं वाटतंय का म्हणून?"

मी कधीच विचारलं नव्हतं. त्या दिवशीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाण्याआधी मी म्हाताऱ्याला ईमेल केली. इंजिनिअरशी आपला काही संबंध नाही, वडिलांनी लिहिलेलं खरं नाही, आडनाव डीड पोलने घेतलेलं आहे, क्षमस्व. तो चिडेल असं वाटलं होतं. दोन दिवसांनी उत्तर आलं. रेघ पुसली आहे, इंजिनिअर पुन्हा हरवलेल्यांच्या यादीत गेला, थोडं वाईट वाटलं. पण ज्यांनी हे नाव स्वतःहून घेतलं त्यांचंही दफ्तरात वेगळं पान असतं, आणि आपल्या घरासाठी त्याने नवं पान काढलं आहे. ते तुमच्या आजीपासून सुरू करायचं का, असं त्याने विचारलं आहे. तुम्ही दुसऱ्या पत्रात तिचं नाव लिहिलेलं आहे, ते तरी बरोबर आहे ना?

मी पत्राची प्रत पुन्हा काढली. एक नाव आहे, साधं, त्या काळातल्या कुणाही बाईचं असेल असं. तिचं माहेर तुम्ही हवं तसं हलवलंत, तेव्हा हे नाव खरं कशावरून? आणि खरं असलं तर माहेरचं की तांदळात लिहिलेलं? आईला विचारलं. ती म्हणाली, "आम्ही सगळे त्यांना आजीच म्हणायचो." सांगलीत आता विचारण्यासारखं कुणी नाही. तुम्ही होतात तेव्हा अठरा वर्षं मी तिच्या पोळ्यांच्या, पंगतींच्या गोष्टी ऐकल्या, आणि एकदाही तिचं नाव विचारलं नाही.

म्हाताऱ्याला अजून उत्तर दिलेलं नाही. मला माहीत नाही, हे मी कामावर दिवसातून दहादा लिहिते. त्याला मात्र मला ते लिहिता येत नाहीये.