अर्पिताच्या गोष्टीतलं कुत्रं

वडनेर भोलजी,
९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सुचितास,
आबाचे अनेक आशीर्वाद.

सकाळपासून कानात मी शिकवायचो त्या चौथीच्या वर्गाचा आवाज घुमतो आहे. चाळीस पोरं, एकच कविता, आणि टिनाच्या छपराला आपटून परत येणारा तिचा शेवटचा शब्द. म्हातारपणी असंच होतं.

इकडे हरभरा सोंगून झाला. तिकडे जानेफळला, तुझ्या माहेरी, आईची कंबर आता कशी आहे?

गुरुवारच्या व्हिडिओ कॉलवर अर्पितानं तिन्ही चित्रं ओळखली. डोक्याला मार लागून पाच महिने झाले, तरी नात माझी खंबीर. तिच्या बोलण्याचे उपचार करणाऱ्या पुण्याच्या मॅडम सांगतात तसं मी उत्तर सुचवत नाही, मनात दहा आकडे मोजतो. आठवर येतो, तोच ती बोलते. कुठल्याच कवितेतला विराम मला इतका गोड लागला नव्हता.

पण शेवटी तू म्हणालीस, "आबा, पोरगी कुत्र्याले लय भेऊन राह्यली. शाळेच्या गेटातून वापस आली. ॲपवरची ती गोष्ट रोज वाचते ना, तेव्हापासून."

अपघाताचा दिवस तिला आठवत नाही, म्हणून मॅडमच्या ॲपवर तिला रोज वाचायला घरच्यांनी तो फोटोंसकट गोष्टीसारखा लिहून द्यायचा होता. पहिलं वाक्य माझं. 'आबांच्या स्कूटरपुढे कुत्रं आलं.'

सुचिता, कुत्रं आलंच नव्हतं.

मागं बसून ती शाळेतली नवी कविता म्हणत होती. एक ओळ अडली. ती सांगायला मी मान वळवली, आणि गतिरोधक दिसला नाही. दवाखान्यात तुम्ही सगळे विचारायला लागलात, तेव्हा तोंडातून कुत्रं निघालं. पोरीच्या डोक्यातली ती जागा रिकामी होती, तिथं मी माझं खोटं नेऊन बसवलं. ते वाक्य खोड. मग मला कॉलवर घेतलं नाहीस तरी—

मधेच कडी वाजली. दारात तुझे वडील, माझे व्याही शेषराव. त्यांचं बोट धरून अर्पिता!

"पोरीनं हट्टच धरला, इवाईबुवा. आबाले भेटाचं म्हणे. सुचिताले वाटते आम्ही मेहकरले गेलो. रागवन आता!"

ते पाणी पिताहेत. अर्पिता मात्र ओट्यावरच उभी. गल्लीत इकडंतिकडं पाहून हळूहळू विचारते, "आबा... ते कुत्रं... इथंच राह्यते का?"

तुझं उत्तर येईपर्यंत थांबायला हवं होतं. पण आधी तिलाच सांगतो. पत्र शेषरावांच्या हाती देतो.

अर्पिताचा आबा;
तुझा म्हणवून घ्यावं की नाही, ते तू ठरव.
महादेव